गुरुवारची फेरी

सामान बांधायला काढलं की टिपणसाहेबांच्या बायकोच्या हाताखालून पहिल्यांदा जायची ती घड्याळं. दिवाणखान्याच्या भिंतीवर शेजारीशेजारी दोन टांगलेली असत. एक, ज्या देशात मुक्काम असेल तिथल्या वेळेचं आणि दुसरं आपल्या देशातल्या वेळेचं. ती स्टुलावर चढून दोन्ही उतरवायची, मागचं झाकण उघडून सेल काढायची आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात तळाशी ठेवायची. "घड्याळ समोर असलं की माणूस बांधाबांध करत नाही, किती दिवस राहिले ते मोजत बसतो," असं तिचं म्हणणं. सात देशांचा अनुभव होता तिचा. ही शेवटची बांधाबांध होती, कारण पुढे बदली नव्हती, निवृत्ती होती. अकरा दिवस राहिले होते.

टिपणसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. दूतावासात त्यांचा क्रमांक दुसरा. राजदूतबाईंच्या खालोखाल त्यांची खोली, त्यांची गाडी, त्यांची सही. पण हे नाव त्यांना नोकरीच्या तिसऱ्या वर्षी चिकटलं आणि पुढे प्रत्येक देशात त्यांच्या आधी पोचत गेलं. परराष्ट्र खात्यात नियमच आहे, की समोरच्या देशाच्या कुठल्याही अधिकाऱ्याशी दोन शब्द झाले तरी त्याची नोंद करायची. कोण भेटलं, कुठे भेटलं, काय म्हणालं आणि काय म्हणायचं टाळलं. बाकीचे लोक तीन स्मरणपत्रं आल्यावर चार ओळी खरडून मोकळे व्हायचे. टिपणसाहेब मात्र त्याच संध्याकाळी, मोत्यांसारख्या अक्षरात, पानभर लिहायचे. चौतीस वर्षांत एकही नोंद राहिली नाही.

बायको थट्टा करायची. "अहो, सकाळी लॉन्ड्रीवाला काय म्हणाला ते लिहून ठेवलंत ना? दोन देशांच्या संबंधांवर परिणाम व्हायचा."

"त्याने काही म्हणायचं टाळलं का?" साहेब विचारायचे.

"टाळलं ना. तुमचा निळा शर्ट कुठे आहे ते."

हे दोन देश एकमेकांचे जुने मित्र. शत्रुत्व असलं की कामाला दिशा तरी असते. मैत्रीत तसं काही नसतं, रोज नव्याने ती आहे असं लिहावं लागतं. दूतावासाच्या आवारासमोर कोणी वेडीवाकडी गाडी उभी केली, तरी तक्रारीच्या पत्राची शेवटची ओळ ठरलेली असते : आपल्याविषयीचा अत्यंत आदर पुन्हा एकदा व्यक्त करण्याची ही संधी दूतावास घेत आहे. साहेबांनी ही संधी चौतीस वर्षांत किती वेळा घेतली असेल देव जाणे. पण ज्या एका माणसाविषयी ती ओळ त्यांना मनापासून लिहावीशी वाटली, त्याला ती कधी लिहिता आली नाही.

तो माणूस म्हणजे इथल्या परराष्ट्र मंत्रालयात आपल्या देशाचा कक्ष सांभाळणारा संचालक. साहेबांची बायको त्याला 'गुरुवारभावोजी' म्हणायची.

ओळख झाली ती फळांवरच्या माशीमुळे. आपल्याकडची फळं इथे यायची होती, आणि त्यांच्याबरोबर एक बारीक माशी येईल अशी इथल्या कृषी खात्याला धास्ती होती. तेवढ्यावर चौदा महिने वाटाघाटी चालल्या. एका गुरुवारी दुपारी मंत्रालयातली बैठकीची खोली इतकी कोंदट झाली, की संचालक कागद मिटत म्हणाला, "चला, बाहेर फिरू. माशी इथेच राहू दे." मंत्रालयामागे एक सार्वजनिक बाग आहे, मधे तळं, भोवती पायवाट. तिची एक फेरी पाऊण तासाची. त्या फेरीत चौथ्या कलमाचं घोडं अडलं होतं ते सुटलं. पुढच्या गुरुवारी चारला पुन्हा भेटले. त्याच्या पुढच्या गुरुवारी भेटले तेव्हा करारावर सह्या होऊन गेल्या होत्या आणि भेटायला काही कारण उरलं नव्हतं. तरी भेटले.

असे एकशे बारा गुरुवार झाले. पहिल्या वर्षी ते 'आपण' म्हणत, दुसऱ्या वर्षी कधीतरी 'तू' वर आले. कधी आले ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. दोघांनाही पुस्तकांचं वेड, दोघांनाही बायकोसमोर हरण्याची सवय. निरोप घेताना संचालक दर वेळी एकच विचारायचा, "पुढच्या गुरुवारी?" आणि साहेब म्हणायचे, "पुढच्या गुरुवारी." आयुष्यभर देशोदेशी फिरलेल्या माणसाला असं कोणी आठवड्याच्या बोलीने बांधून ठेवलेलं नव्हतं. दर तीन-चार वर्षांनी मुळं उपटायची सवय असलेल्या साहेबांना पहिल्यांदाच वाटायला लागलं, की आपण कुठेतरी राहतो आहोत.

आणि तरीही प्रत्येक गुरुवारी, फेरीहून परतल्यावर, ते टेबलाशी बसून नोंद लिहायचे. जित्याची खोड. फेरीत बोलणं काय व्हायचं? मुलांच्या शिक्षणाचं, गुडघ्यांचं, एखाद्या कादंबरीचा शेवट फसला त्याचं. त्यातूनही साहेब काहीतरी वेचून काढायचे. 'संचालकांच्या बोलण्यावरून असे वाटते, की अर्थखाते नव्या शिष्यवृत्त्यांना अनुकूल नाही.' पान भरलं की त्यांना झोप शांत लागायची.

एकशे बाराव्या गुरुवारी तिसऱ्या बाकाशी संचालक बसला. तो कधी बसायचा नाही.

"मला आता वाचता येत नाही," तो म्हणाला.

साहेबांना वाटलं, कंटाळलाय. "सुट्टी घे थोडी."

"तसं नाही रे. दिसत नाही. मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं. तुझा कान दिसतो, तोंड नाही." तो हसला. "तोटा काही नाही म्हणा. कान बरा आहे तुझा."

मग त्याने सगळं सांगितलं. पहाटे उठून त्याची बायको त्याला फायली वाचून दाखवते, तो पाठ करतो आणि दिवसभर बैठकीत कागद समोर धरून वाचल्यासारखं करतो. मंत्रालयात कुणाला पत्ता नाही. "मागच्या महिन्यात तुमचा मसुदा मी दोन दिवस ठेवून घेतला. तुला वाटलं मी ताणतोय. अरे, बायको माहेरी गेली होती."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"हळूहळू सगळंच जाईल म्हणतात. दोन वर्षं काढायचीत मला या खुर्चीवर. हे काम आवडतं मला. माशीसुद्धा आवडायची." "इतके दिवस हे माझ्या पोटात होतं. आता तुझ्या."

त्या संध्याकाळी टिपणसाहेबांनी नोंद लिहिली.

का लिहिली, हे त्यांनी पुढे स्वतःला शेकडो वेळा विचारलं. वाईट हेतू नव्हता. कक्षाचा संचालक बदलण्याची शक्यता असेल तर ते आपल्या देशाला ठाऊक असावं, हा नियम. आणि दुसरं, त्यांच्या मनाला लागलं होतं. लागलेलं मन मोकळं करायची त्यांची एकच जागा होती, ती म्हणजे कागद. वर 'गोपनीय' असं लिहून खाली शेवटी त्यांनी आपणहून जोडलं : 'आपल्याकडे नेत्ररुग्णालये उत्तम आहेत. काही करता आल्यास पाहावे.'

साहेबांच्या बहुतेक नोंदी कपाटात जायच्या आणि तिथेच राहायच्या. ही नेमकी राजदूतबाईंनी वाचली, आणि त्यांचा जीव कळवळला. बाई मनाने मोठ्या. दोन देशांच्या मैत्रीला पन्नास वर्षं झाली म्हणून मेजवानी होती. तिथे, अडीचशे माणसांसमोर, बाई भाषणात म्हणाल्या, की या मैत्रीची खूण म्हणून इथल्या एका आदरणीय संचालकांच्या डोळ्यांवरचे उपचार आमचा देश आनंदाने करील. नाव घेतलं. हुद्दा सांगितला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्रालयाच्या सचिवांनी उठून आभार मानले, आणि उठता उठता आपल्या संचालकाकडे असं पाहिलं, की जणू आजच ओळख झाली.

साहेब समोरच्या टेबलावर होते. टाळ्या वाजत होत्या त्या दिशेला तोंड करून संचालक हसत होता. दिशा वीतभर चुकली होती.

महिन्याभरात त्याची बदली झाली. सन्मानाने, असं आदेशात म्हटलं होतं. तळघरातल्या अभिलेख कक्षात, जिथे जुने करार आणि जुन्या फायली ठेवतात. उपचारांचा देकार त्याने नाकारला. त्याचं पत्र आलं, तीन ओळींचं, आणि शेवटी अत्यंत आदर पुन्हा एकदा व्यक्त केलेला. बागेत तो परत आला नाही. साहेब आठ गुरुवार चारला जाऊन उभे राहिले, तळ्याभोवती एकटेच फिरले आणि परत आले. नवव्या गुरुवारी गेले नाहीत. याला चौदा महिने झाले होते. अजूनही गुरुवारी चारच्या सुमाराला त्यांच्या टेबलावरचा चहा गार व्हायचा.

आणि आता अकरा दिवस. म्हणजे मधे एकच गुरुवार.

"घरी जाऊन दार वाजवा की सरळ," बायको खोक्यावर आकडा घालत म्हणाली.

"तसं नाही जाता येत. पदावर आहे तोवर मंत्रालयाच्या माणसाला भेटायचं तर लेखी विनंती करावी लागते. नाहीतर त्यालाच उत्तरं द्यावी लागतात वर. आधीच माझ्यामुळे त्याचं काय कमी झालंय?"

"मग निवृत्त झाल्यावर या."

"तेव्हा व्हिसा लागेल. त्यातही येण्याचं कारण विचारतात."

"तुमच्या खात्यात कारणाशिवाय काही करता येतं का हो?"

साहेबांनी यावर थोडा विचार केला. "सामान बांधता येतं," ते म्हणाले.

निरोपसमारंभाचं आमंत्रण त्यांनी संचालकाला पाठवलं होतं. 'येऊ शकत नाही याचे दुःख आहे' असं छापील उत्तर आलं. तेव्हा सोमवारी साहेब विनंतीपत्र लिहायला बसले. नमुना साधा असतो : कोणाला, केव्हा, कुठे आणि भेटीचे प्रयोजन. पहिले तीन रकाने दोन मिनिटांत भरले. चौथ्याशी पेन थांबलं. त्यांनी लिहिलं 'वैयक्तिक' आणि कागद फाडला, कारण 'वैयक्तिक' वाचलं की मंत्रालयात चार माणसं कान टवकारतात. मग लिहिलं 'सदिच्छा भेट'. तोही फाडला. सदिच्छांनी व्हायचा तेवढा घोळ होऊन गेला होता. आणखी दोन कागद गेले. शेवटी लिहिलं : 'फळमाशी कराराच्या मूळ प्रतीची पाहणी.'

राजदूतबाई सही करताना हसल्या. "निघता निघता माशी आठवली?"

"राहून गेलं होतं," साहेब म्हणाले.

बुधवारी होकार आला. गुरुवार, दुपारी चार ते पाच.

त्या दिवशी धुकं होतं, आणि मधूनच भुरभुर. मंत्रालयाच्या दारात नव्या संचालिका घ्यायला आल्या. जुन्या संचालकाच्या जागी आलेल्या, पस्तिशीच्या, चटपटीत, चालताना बोलणाऱ्या. तळघराचा जिना अरुंद होता. त्या पुढे, साहेब मागे.

"एक विचारू?" त्या अर्ध्या जिन्यात थांबल्या. "खरं तर हे मी तुमच्याशी बोलायला नको. पण तुम्ही मंगळवारी चाललात, आणि मला वर्षभर हे कोडं आहे."

"विचारा."

"नोंदी आमच्याकडेही करतात, तुम्हाला माहीतच आहे. मी कक्ष ताब्यात घेतला तेव्हा तुमच्या गुरुवारांची फाइल वाचली. एकशे बारा पानं. प्रत्येक पानावर एकच वाक्य."

"कुठलं?"

"'फेरी मारली. हवा चांगली होती.'" त्या म्हणाल्या. "मला वाटलं हा काहीतरी संकेत आहे. मी दोन आठवडे त्याच्यामागे होते. हवामान खात्याकडून त्या सगळ्या तारखांची माहिती मागवली. एकशे बारापैकी एकोणचाळीस गुरुवारी पाऊस होता. एकदा तर झाडं पडली होती."

"हो. आम्ही पंपघराच्या आडोशाला उभे होतो."

"मग मी त्यांनाच जाऊन विचारलं. ते म्हणाले, 'आता आठवत नाही बाई, नजर गेलेली होती माझी.'"

साहेबांनी कठडा धरला. "शेवटच्या पानावर? एकशे बाराव्या?"

"तिथेही तेच. हवा चांगली होती." त्यांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "आता आपल्या या बोलण्याचीही नोंद मला करावी लागणार."

"काय लिहाल?"

"जिना उतरलो," त्या म्हणाल्या, आणि दार उघडून देऊन वर निघून गेल्या.

आत लांबच लांब रॅक होते, छतापर्यंत. प्रत्येक फाइलीच्या फितीला दोऱ्याची एक शेपटी लोंबत होती आणि शेपटीला गाठी. कुठे एक, कुठे दोन, कुठे पाच. मधल्या टेबलाशी संचालक बसला होता. केस पांढरे झाले होते. चष्मा नव्हताच, कारण आता त्याचा उपयोग नव्हता.

"या," तो म्हणाला. "उजवा पाय अजून घासताच आपण."

'आपण' हा शब्द साहेबांना दगडासारखा लागला. "कसे आहात?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. इथे डोळ्यांवाचून काही अडत नाही. गाठी मारून ठेवल्यात मी. एक गाठ शेजारच्या देशांना, दोन व्यापाराला. तुमच्या देशाला तीन." तो उठला, बोटांनी रॅक चाचपत गेला, आणि पाचव्या खणातून बरोबर फाइल काढून आणली. "पाहणी करा."

साहेबांनी फाइल उघडली. खाली दोन सह्या होत्या. संचालकाची सही ओळ सोडून किंचित वर गेली होती. तेव्हाच सुरू झालं होतं तर. साहेब चौदा महिने त्या माणसासमोर बसले होते, आणि त्यांनी पानंच्या पानं लिहिली होती. हे मात्र त्यांना दिसलं नव्हतं.

"झाली पाहणी?"

"झाली."

वर कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी लिहिलं होतं ते," साहेब म्हणाले.

"माहीत आहे. आपण दोघंच होतो बाकावर. मी तर लिहिलं नव्हतं."

"रुग्णालयाचंही मीच सुचवलं होतं."

"तेही वाटलंच. बाईंना आयतं कोणीतरी वाढून दिल्याशिवाय एवढं नेमकं सुचत नाही."

"रागावला आहात?"

"होतो. सहा महिने." त्याने फितीची गाठ बोटांनी चाचपली. "मग बायको म्हणाली, आता फायली वाचायच्या नाहीत, तर पहाटे कादंबऱ्या वाचून दाखवते. राग डोक्यात ठेवला की गोष्ट शिरेना आत. एक प्रकरण तीनतीनदा वाचायला लागायचं. ती वैतागली. मग सोडला."

"मग आला का नाहीस?" साहेबांच्या तोंडून निघून गेलं. "आठ गुरुवार मी..."

"आठ गुरुवार तू आलास. चौथ्याला छत्री विसरला होतास. बायको जाऊन बघून यायची, तळ्याच्या पलीकडून. 'आजही आलेत हो,' म्हणायची. आठव्या दिवशी तर माझ्यावरच ओरडली."

"मग?"

"मग काय?" संचालक पहिल्यांदाच थोडा मोठ्याने बोलला. "तुझ्याशी बोलताना मला विचार करून बोलावं लागलं असतं. हे लिहील का, ते लिहील का. तसं बोलायला मला हे सबंध मंत्रालय आहे. त्यासाठी तळ्याभोवती कशाला फिरायचं?"

साहेबांनी फाइल मिटली आणि फीत बांधायला घेतली. गाठ त्यांना धड जमेना. संचालकाने हात पुढे केला, त्यांच्या हातातून फीत घेतली आणि क्षणात बांधली.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"चार वाजून दहा मिनिटं."

"पाहणी पाचपर्यंत आहे ना? प्रत नीट उजेडात बघायची म्हणून बाहेर नेली असं म्हणू. प्रत इथेच राहू दे."

मागच्या दाराने ते बागेत आले. संचालकाने साहेबांचं कोपर धरलं. साहेबांच्या हातात छत्री होती ती त्यांनी त्याच्या डोक्यावर धरली. पहिली काही पावलं दोघांचीही चुकली, मग जमली. पायवाट त्याला पाठ होती. कुठे चढ, कुठे मूळ वर आलंय, ते तोच सांगत होता. साहेब सांगत होते ते फक्त दिसणारं. तळं आज दिसतच नाही, नुसता पांढरा पडदा आहे. पंपघराला हिरवा रंग दिलाय, भयंकर दिसतोय. दुसऱ्या बाकावर एक बाई वाचतेय, पुस्तकाचं नाव दिसत नाही.

"जाडं आहे?"

"जाडं आहे."

"मग बरं असेल," संचालक म्हणाला. जाड पुस्तकांवर त्याचा पहिल्यापासून विश्वास.

तिसऱ्या बाकाशी तो थांबला. बसला नाही. कोपरावरची पकड घट्ट झाली आणि तो बोलायला लागला. डोळ्यांचं नव्हतं ते, नोकरीचंही नव्हतं. त्याहून खोलवरचं, बायकोलाही न सांगितलेलं असं काहीतरी होतं. चार-पाच वाक्यंच असतील. बोलून झाल्यावर त्याने सुस्कारा सोडला.

"आता हे लिही," तो म्हणाला.

"नाही."

"लिही रे. सवय आहे तुझी. रात्री झोप लागायची नाही."

"नाही लागली तर जागा राहीन."

तो काय म्हणाला ते साहेबांना ठाऊक आहे. इथेही ते लिहिलेलं नाही.

उरलेली फेरी त्यांनी पुरी केली. मंत्रालयाच्या मागच्या दाराशी पोचले तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. संचालकाने कोपर सोडलं, हाताने दाराची चौकट शोधली, आणि तिकडे तोंड करूनच विचारलं, "पुढच्या गुरुवारी?"

पुढच्या गुरुवारी साहेब सात हजार मैलांवर, आपल्या देशात, निवृत्त माणूस म्हणून कुठल्याशा रांगेत उभे असणार होते. हे दोघांनाही माहीत होतं.

"पुढच्या गुरुवारी," साहेब म्हणाले.

दूतावासात परतल्यावर ते टेबलाशी बसले. नोंदीचा कोरा नमुना तिथे ठेवलेलाच होता. तारीख लिहिली. स्थळ लिहिलं. खाली 'चर्चेचा गोषवारा' आणि पाऊण पान रिकामं. त्यांना ते वाक्य आठवलं. एकशे तेराव्यांदा ते लिहिता आलं असतं. पण ते त्यांचं वाक्य नव्हतं. ज्याने एकोणचाळीस पावसांत ते लिहिलं, त्याचं होतं. उसनं घेऊन आपलं पाप धुवायला ते वापरावं, हे त्यांना पटेना. ते तसेच बसून राहिले.

राजदूतबाई निघता निघता दारात डोकावल्या. "झाली माशीची पाहणी? नोंद उद्या द्या हो, घाई नाही."

"बाई, चौतीस वर्षांत एक राहिली तर चालेल?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. त्यांना काय समजलं, किती समजलं, सांगता येत नाही. "अहो टिपणसाहेब," त्या म्हणाल्या, "वाचतं कोण?" आणि दिवा चालू ठेवून गेल्या.

साहेब एकटेच हसले. सगळ्या नोंदींपैकी एकच कोणी नीट वाचली होती, आणि ती न लिहायची होती. त्यांनी नमुन्याचे चार तुकडे केले, टोपलीत टाकले, पेनाला टोपण लावलं.

घरी बायको शेवटची खोकी बंद करत होती. तिने त्यांच्या अंगातला कोट काढून घेतला. डावा खांदा कोरडा होता, उजवा पार भिजलेला. तिने दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला.

"काय म्हणाले गुरुवारभावोजी?"

साहेब खुर्चीत टेकले. "हवा चांगली होती."

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. धुक्यात समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. कोट तिने खुर्चीच्या पाठीवर पसरला आणि चिकटपट्टी घेऊन घड्याळांच्या खोक्याकडे वळली. टॉवेलाची गुंडाळी नीट बसलीय का ते चाचपून पाहू लागली.

"थांब," साहेब म्हणाले. "इथल्या वेळेचं कुठलं त्यातलं?"

"काळ्या कडेचं. का?"

"त्यात सेल घाल. इथल्या वेळेला लाव, आणि तसंच राहू दे."

"अहो, खोक्यात टिकटिक करत बसेल दीड महिना. आणि तिकडे गेल्यावर भिंतीवर चुकीची वेळ लावायची? येणारा-जाणारा काय म्हणेल?"

"म्हणू दे."

ती जरा वेळ उभी राहिली. मग तिने गुंडाळी सोडवली, काळ्या कडेचं घड्याळ बाहेर काढलं, स्वयंपाकघरातल्या खणातून सेल आणला. मनगटावरच्या घड्याळात पाहून तिने काटे फिरवले, आणि ते गुंडाळण्याआधी एकदा कानाशी धरलं.

"चालतंय," ती म्हणाली. "चारला आठवण करून द्यायला मी आहेच."